भोजाईच्या लेंगीतलं नाव

होळीला ज्याला शिवी पडत नाही, तो आमच्या तांड्यात गिनतीत नसतो. हे आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, हा माणूस येडा आहे.

लेंगी म्हणजे आमची होळीची गाणी. एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला गडी, मधे नगारा. पुढची बाई कडवं टाकते, मागच्या बाया ते झेलतात, मग गड्यांनी उलट उत्तर द्यायचं. शिवी द्यायची ती देवराला, म्हणजे नवऱ्याच्या धाकट्या भावाला. देवर-भोजाईचं, म्हणजे दीर-भावजयीचं, नातंच तसं थट्टेचं. नाव घेऊन शिवी पडली की समजायचं, आपण कुणाचे तरी आहोत. त्याचा राग कुणी धरत नाही. धरला तर पुढच्या वर्षी शिवी मिळत नाही, आणि याच्याहून मोठी शिक्षा आमच्याकडे नाही.

माझा थोरला भाऊ रतनसिंग नगारा वाजवतो. तोंडानं फारसा बोलत नाही. त्याचं लग्न झालं आणि पुसदकडच्या तांड्यावरून दिपा भोजाई आमच्या घरी आली. नव्या नवरीनं बायांच्या मागं उभं राहायचं असतं. ही पहिल्याच होळीला पुढं आली आणि सगळ्या तांड्यादेखत माझ्यावर कडवं टाकलं. आमच्या बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत होतं, मराठीत त्याचा ठसका येत नाही, पण अर्थ असा की, संतोष देवरा, तुझी मिशी म्हणजे सशाची शेपटी, कुत्रं भुंकलं की आधी तीच पळते. तांडा लोळून हसला. आमचे नाईक भीमसिंग, ज्यांचे दात कुणी पाहिले नव्हते, ते पोट धरून खाली बसले. मी उत्तर दिलं, तिनं त्याच्यावर दुसरं टाकलं, आणि दिवस कलला तरी आमचं चालूच होतं. तिच्यासारखा गळा पंचक्रोशीत नव्हता, आणि त्या गळ्यातून माझं नाव निघालं की मला ते माझंच नाव नव्यानं आवडायचं.

मनात वाईट काही नव्हतं. माझं लग्न झालं, मिना आली, लेकरं झाली. पण होळी जवळ आली की मी मिशीला तेल लावायला लागायचो, हे खरं आहे.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. तिथं बंडोपंतांचं कॅसेटचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून ते भजनांची रेकॉर्डिंग करायचे. कुणीतरी त्यांना होळीला तांड्यावर आणलं. ते ऐकत उभे राहिले, आणि जाताना म्हणाले की देवाची गाणी लोक ऐकतात, पण ही विकत घेतील. ‘भोजाईचा ठेका’ नावाची कॅसेट निघाली. कव्हरवर भोजाई, अंगात आरशांची कांचळी म्हणजे चोळी, हातभर बलोये म्हणजे पांढऱ्या बांगड्या, आणि डोळ्यांवर बंडोपंतांच्या मुलाचा काळा गॉगल. खाली बारीक अक्षरात ‘सोबत : संतोष’. नगाऱ्याच्या जोडीला कॅसिओ आणि डिस्कोचा ठेका.

काय चालली ती कॅसेट! जवळा बाजारच्या बाजारात, नरसीच्या जत्रेत, काळीपिवळी जीपमध्ये, जिथं बघावं तिथं भोजाई मला शिव्या देत होती. पाठोपाठ आणखी कॅसेटी आल्या. आमचे कार्यक्रम लागायचे, पोरं स्टेजपर्यंत नाचत यायची. तिचं नाव मोठं आणि माझं बारीक, याचं मला कधी वाईट वाटलं नाही. कारण प्रत्येक गाण्यात ती माझं नाव घेत होती. अनोळखी माणसं माझी मिशी बघून विचारायची, तूच का तो संतोष? मी म्हणायचो, व्हय, मीच.

मग सीडी आल्या, पाठोपाठ मोबाईल आले. बंडोपंत रिचार्ज विकायला लागले. कॅसेटी त्यांच्या दुकानात पोत्यात भरून पडल्या. मी म्हटलं, भोजाई, नव्या चालीचं काहीतरी करू, मी स्वतःचा कॅसिओ घेतलाय. ती म्हणाली की तीच मिशी अन् तोच ससा गाऊन आता तोंडाला पाणीसुद्धा सुटत नाही. मला ते लागलं. पण होळी होतीच. होळी कुणी बंद करू शकत नाही, असं मला वाटत होतं.

आता टाकीचं सांगतो. आमचा तांडा माळावर, गाव खाली. गावाच्या नळयोजनेची टाकी उंचावर पाहिजे म्हणून ती आमच्या तांड्यात, नानीबाईच्या घराशेजारी बांधली. भली मोठी, पांढरी. पाणी वर चढायचं, टाकीत भरायचं आणि आमच्या दारावरून पाइपातून खाली गावात जायचं. तांड्याला नळ नाही. का, तर तांडा योजनेत नाही. आमच्या बाया टाकीच्या सावलीतून घागरी घेऊन उतरायच्या आणि खालच्या नाल्यातून पाणी भरून पुन्हा वर चढायच्या. टाकी भरून वाहायला लागली की तेवढे थेंब नानीबाईची कोंबडी प्यायची.

एका उन्हाळ्यात टाकीला तडा गेला म्हणून इंजिनीअरसाहेब बघायला आले. बायांनी त्यांना गराडा घातला. सगळ्या एकदम बोलायला लागल्या, साहेबांना काही कळेना, ते जीपकडं सरकायला लागले. तेवढ्यात भोजाईनं कानावर हात ठेवला आणि लेंगी उचलली. वैशाखात! नानीबाई ओरडली की अगं, लेंगी फागणातच गातात, भलत्या महिन्यात गायली तर तांड्याला बाधते. भोजाई म्हणाली, “नानी, तहान काय फागण बघून लागते का?”

आणि तिनं कडवं टाकलं. ये रे ये, साहेब देवरा, तुझी पांढरी गाय आमच्या माळावर चरते अन् पान्हा गावात सोडते. हिचा कासरा तुझ्या हातात, आमच्या हातात शेण. बायांनी झेललं. रतनसिंग घरातून नगारा घेऊन धावत आला. माझा भाऊ, जो जेवायला बोलावलं तरी सावकाश उठतो, तो धावत आला. साहेबांनी रुमालानं मान पुसली, खाली बघितलं, आणि मग त्यांना हसू आवरेना.

सगळे म्हणतात की त्या दिवशी तांड्याला वाचा फुटली. फुटली असेल. माझं मात्र पित्त खवळलं. शब्द मी नीट ऐकला होता, साहेब देवरा. लेंगीत परक्याला शिवी देताच येत नाही, आधी त्याला देवर करावं लागतं, हे मलाही कळतं. पण तो इंजिनीअर! तो कोणाचा कोण! त्याला तर मिशीसुद्धा नव्हती.

तिथून तिचा रस्ताच बदलला. हिंगोलीला गंगूताई म्हणून निवृत्त मास्तरीण बायांची संघटना चालवायच्या. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्यांनी भोजाईला हिंगोलीच्या मोर्चाला बोलावलं. हिंगोलीचा आता जिल्हा झाला होता, कलेक्टर ऑफिस झालं होतं, म्हणजे ओरडायला जागा झाली होती. मग हट्टा गावच्या दवाखान्यात डॉक्टर नाही म्हणून, आणखी कुठं शाळेला छप्पर नाही म्हणून. गॉगल गेला, आरशाची कांचळी ट्रंकेत गेली. साधं नायलॉनचं लुगडं, बलोये तेवढे हातात. पेपरात फोटो आला, मूठ वळलेली, तोंड उघडं. ज्या लोकांनी तिच्या गाण्यावर शिट्ट्या मारल्या तेच आता तिला दिपाबाई म्हणायला लागले. रतनसिंग नगारा घेऊन सोबत. माझी मिनासुद्धा मागं झेलायला. तहसीलदार देवर झाला, बीडीओ देवर झाला, दवाखान्यातला न येणारा डॉक्टर देवर झाला. जिल्हाभर तिचे देवर झाले. सख्खा तेवढा घरी, म्हशीला पाणी दाखवत.

मी एकदा विचारलं, मला काहून नेत नाही? ती म्हणाली की तू येऊन काय करशील, तिथं मिशीवर कोण हसणार. मिनाला मी रात्री माझं दुःख सांगितलं. ती भाकरी थापत म्हणाली, “शिव्याच पायजेत तर घरी काय कमी भेटून राहिल्या का तुमाला?” बायकोच्या शिवीला ठेका नसतो, हे तिला कोण सांगणार.

पुढच्या होळीला मी तेल लावलेली मिशी घेऊन उभा राहिलो. भोजाई गायली. सगळी लेंगी टाकीवर. गड्यांच्या बाजूनं कुणी उत्तर देईना, कारण उत्तर काय देणार, सगळे गडीच तिच्यामागं झेलायला लागले. माझं नाव आलं नाही. मी घरी आलो आणि जेवलो नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात एक हिशेब बसला. शिवी कुणाला मिळते? जो आडवा येतो त्याला. आपण घरचे, आपण चांगले, म्हणून आपण उपाशी. तर आडवंच जाऊ.

संधी चालून आली. खालच्या गावाचे सरपंच माणिकराव. टाकीची डागडुजी झाली, नवे पाइप टाकले, त्याचं उद्घाटन ठेवलं होतं. ते मला बाजारात भेटले आणि म्हणाले की तुझ्या कॅसिओवर योजनेचं एक झकास गाणं म्हण, पाहुणे यायचे आहेत. त्यांना तांड्यातलाच माणूस पाहिजे होता, म्हणजे तांडा खूश आहे असं दिसेल. मला काय ते कळत नव्हतं? बराबर कळत होतं. मी हो म्हणालो. मी मनात म्हटलं, आता बघू कशी नाव घेत नाही.

उद्घाटनाला मांडव, खुर्च्या, हार. मी स्टेजवर कॅसिओ मांडून टाकीची आरती म्हणावी तसं गाणं म्हटलं. गावाची माय, दुधाची साय, असलं काहीतरी. गाणं संपायच्या आत माळावरून नगारा ऐकू आला. सगळा तांडा उतरत होता. बायांच्या डोक्यावर रिकाम्या घागरी. त्यात माझी म्हातारी याडी, म्हणजे आई, अनुसयाबाई, तिच्याही डोक्यावर घागर. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. तेवढ्यापुरतं मला कसंतरी झालं, पण माझे कान भोजाईकडं लागले होते.

त्या मांडवासमोर बसल्या आणि भोजाईनं सुरुवात केली. माणिकराव देवरा, तुझ्या नळाला सोन्याची चावी. मग इंजिनीअर देवर. मग ठेकेदार देवर, पाइप पोकळ की तुझं डोकं पोकळ. खुर्च्यांतले पाहुणे एकेक करून पायाकडं बघायला लागले. शिवी न पडलेला आता स्टेजवर मी एकटा उरलो होतो. मी सदऱ्याची कॉलर सरळ केली. अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू.

भोजाई थांबली. बाया थांबल्या. रतनसिंगनं एक आवर्तन नुसता नगारा वाजवला, वर कुणाचा आवाज नाही. माझ्याकडं न बघता वाजवला. मग पुढचं कडवं घ्यायला भोजाईनं श्वास घेतला.

आमच्या तांड्यात असा मोकळा नगारा फक्त एकदाच वाजतो. वर्षात कुणी मेलं असेल तर होळीला त्याच्या नावाच्या जागी.

गावातल्या लोकांना काही कळलं नाही. तांड्याला सगळं कळलं. मला वाटलं, पायाखालचं स्टेज गेलं. भोजाईच्या तोंडून पुढचं नाव निघायच्या आत मी माईक ओढला आणि गायलो. कुठून आलं मला माहीत नाही. रागातून आलं. माझ्या वाट्याची शिवी मीच मला दिली :

“संतोष देवरा, तू गातोस त्यांची थोरवी, 
याडी चढते माळ, डोक्यावर घागर कोरडी. 
गाऊन गाऊन घसा सुकेल, तवा सांग, 
पाणी कोणाच्या घागरीचं मागशील?”

कुणी उचललं नाही. लेंगीत कडवं झेललं गेलं नाही तर ते मेलं. मी तोंड उघडं ठेवून उभा. मग मिनानं झेललं. माझ्या बायकोनं, एकटीनं, बेसूर. मग नानीबाईनं, मग सगळ्यांनी. रतनसिंगनं नगाऱ्यावर अशी थाप मारली की स्टेजवरचा हार पडला. माणिकरावांनी माझ्या हातातून माईक काढून घेतला, पण आता माईकची गरजच नव्हती. भोजाईनं ते संपू दिलं आणि पुढचं कडवं घेतलं. माझ्याकडं बघितलं नाही.

तरी मी त्या दिवशी माळ चढताना खूश होतो. लोक मला टाळत होते, याडी बोलत नव्हती, पण माझं नाव लेंगीत बसलं होतं. आता ते कुणी काढू शकणार नाही. आणखी एक उन्हाळा गेला, दोनदा मोर्चे गेले, आणि मग तांड्यात नळ आले. नळाला पहिलं पाणी आलं तेव्हा भोजाई हट्ट्याला दुसऱ्याच कुठल्या मोर्चात होती.

एक दिवस रतनसिंग जेवताना म्हणाला की तुझं कडवं ती आता सगळीकडं गाते, लोक दुसरं गाऊच देत नाहीत. एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. जवळा बाजारला रेशनच्या धान्यावरून सभा होती, तिथं जायचं मी ठरवलं. मिशीला तेल लावलं.

बाजाराचा दिवस होता, कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. भोजाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी राहून गात होती. पुढं शेपाचशे बाया, सगळ्या जातीच्या, गावच्या. मी भुईमूग विकणाऱ्या एका बाईच्या शेजारी जागा धरली. माझं कडवं आलं. मी छाती पुढं काढली. आणि माझ्या नावाच्या जागी रेशन दुकानदाराचं नाव आलं.

मला वाटलं, चुकली. पण ती ते पुन्हा गायली, आणि तेच नाव. बायांनी झेललं, अख्खा बाजार दणाणला. शेजारची म्हातारी शेंगा सोडून टाळ्या वाजवत होती. म्हणाली, काय कडवं रचलंय दिपाबाईनं, माझ्या माहेरी हट्ट्याला तर यात डॉक्टरचं नाव घालतात. मी तिला सांगितलं की हे बाईनं रचलं नाही, आणि त्यात मूळचं नाव संतोष आहे.

तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. “कोन संतोष?”

सभा संपली. रतनसिंग जीपच्या टपावर नगारा बांधत होता. भोजाई ट्रॉलीला टेकून पाणी पीत होती. मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो आणि विचारलं की माझं नाव काहून काढलं. तिनं तांब्या खाली ठेवला. थकलेली होती, केस पांढरे व्हायला लागले होते, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“तुझं नाव ठेवलं तर ते तुझ्यापुरतंच ऱ्हाईल,” ती म्हणाली. “नाव काढलं म्हून ते समद्यांच्या कामाचं झालं. अन् घरच्या मानसाला गावोगाव काहून बदनाम करू?”

“मंग माझ्यापुरतंच ठेव की एक,” मी म्हणालो. “एवढे गाणे हायेत तुझ्याकडं. एक ठेव.”

ती हसली नाही. हसली असती तर मी भांडलो असतो. पदरानं तोंड पुसलं, आणि लेकराला समजावतात तसं हळू म्हणाली, “संतोष, आता तेवढा वेळ न्हाई माझ्याकडं.”

जीप सुटली. एवढ्या वर्षांनी तिनं माझं नाव घेतलं होतं, आणि तेही गाऊन नाही, नुसतं बोलून घेतलं होतं. मी चिडून, तिला, रेशनवाल्याला, त्या शेंगावालीला, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या देत स्टँडकडं निघालो. गाडी यायला वेळ होता. बाकावर बसलो आणि माझं कडवं म्हणायला लागलो, निदान माझ्या तोंडी तरी ते बरोबर असावं म्हणून. पहिल्याच ओळीला, विचार न करता, माझ्या तोंडून रेशनवाल्याचं नाव निघालं.